नदी-ओढ्यातून आलेले छोटे कॅटफिश: ओळख आणि घरच्या टँकमधली काळजी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पकडून आणलेल्या, म्हणजे पैदास केंद्रात न वाढलेल्या छोट्या कॅटफिशबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांना आधी नेमकं नाव हवं असतं. नाव मिळालं तर उत्तमच, पण त्यासाठी अडून बसू नका. मासा कोणत्या कुळातला आहे एवढं कळलं, तरी त्याला कसं पाणी, केवढी जागा आणि काय खायला लागेल याचा बराचसा अंदाज येतो. कुळही माहीत नसेल, तर मात्र तो मासा घरी आणू नये.

१. माशाला मिशा आहेत, म्हणजे तो कॅटफिशच ना?

तसं नाही. कार्प आणि बार्बनाही मिशा असतात, आणि लोच नावाच्या, तळाशी राहणाऱ्या लांबट माशांच्या तोंडाभोवती तर तीन किंवा त्याहून जास्त जोड्या असतात. मिशांच्या आधी कातडी बघा. कॅटफिशला खवले नसतात. त्याचं अंग एकतर उघडं, बुळबुळीत असतं, नाहीतर हाडांच्या पट्ट्यांनी झाकलेलं. लोचचे खवले इतके बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे शंका राहिली तर काटे बघा. बहुतेक कॅटफिशच्या पाठीवरच्या पराला आणि छातीच्या दोन्ही परांना पुढच्या कडेला एकेक जाड, कडक काटा असतो. लोचच्या पाठीवर तसा काटा नसतो. काही लोचच्या डोळ्याखाली मात्र एक छोटा दुभंगलेला काटा लपलेला असतो.

आणखी एक खूण म्हणजे मेदपर: पाठीवरचा पर आणि शेपटी यांच्या मधला, काड्या नसलेला मांसल पर. तो दिसला तर मासा कॅटफिश असण्याची शक्यता खूप वाढते. नसला, तर लगेच निकाल देऊ नका. शिंगी, मागूर आणि पाबदा हे अस्सल कॅटफिश आहेत आणि तिघांनाही मेदपर नसतो.

२. ओळख पटवायला सुरुवात कुठून करू?

रंग सोडून कशापासूनही. रंग मूड, उजेड आणि तळ यांप्रमाणे बदलतो, हाडं बदलत नाहीत. मी आधी पाठ बघतो, मग पोट, मग तोंड.

पाठीवरचा पर डोक्याच्या मागून जवळजवळ शेपटीपर्यंत लांब गेला असेल आणि त्याला काटा नसेल, तर मागूरचं कुळ. तोच पर अगदी इवलासा, बिनकाट्याचा, आणि खालचा गुदपर मात्र लांबलचक असेल, तर दोन शक्यता. मिशांच्या चार जोड्या आणि चपटं डोकं असेल तर शिंगी. दोन जोड्या आणि बाजूंनी दाबल्यासारखं पातळ अंग असेल तर पाबदा-शिवड्याचं सिल्युरिडी कुळ.

पाठीवर काटा, मागे ठळक मेदपर आणि लांब मिशांच्या चार जोड्या असतील, तर बहुधा बॅग्रिडी, म्हणजे मिस्टस आणि त्याचे भाऊबंद. खालच्या मिशांना झाडाच्या मुळांसारखे फाटे फुटले असतील तर आफ्रिकेतला सिनोडॉन्टिस. अंगाच्या दोन्ही बाजूंना हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोनच रांगा असतील तर दक्षिण अमेरिकेतलं कोरिडोरासचं कुळ. पट्ट्या जास्त आणि तोंड खाली चोखणाऱ्या तबकडीसारखं असेल तर प्लेकोचं.

मासा उलटा करून बघायला विसरू नका. छातीवर कातडीच्या बारीक समांतर घड्या दिसल्या तर तो ग्लिप्टोथोरॅक्स. वेगवान ओढ्यात दगडाला धरून राहण्यासाठी त्या घड्या असतात, आणि त्याचा टँकही त्याच हिशोबाने लागतो (प्रश्न १२).

३. ओळख विचारण्यासाठी फोटो कसा काढू?

वरून, बादलीत, फ्लॅश मारून काढलेल्या फोटोवरून कोणीही काहीही सांगू शकत नाही. सपाट बाजूंचा पारदर्शक डबा घ्या, त्यात जेमतेम मासा बुडेल एवढं त्याच टँकचं पाणी घाला आणि मासा आडवा दिसेल असा बाजूने फोटो काढा. नंतर एक वरून आणि एक डब्याच्या तळातून, म्हणजे पोट आणि तोंड दिसेल असा. शेजारी मोजपट्टी ठेवा. पर मिटलेले असतील तर थोडं थांबा, मासा ते उघडतोच.

फोटोइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे मासा कुठून आला. नदीचं नाव, प्रवाह संथ की जोराचा, तळाशी चिखल की दगड, एवढं लिहिलं तर निम्मे पर्याय तिथेच गळतात. ‘दुकानातून आणला’ हे ठिकाण नव्हे.

४. अंगावर आडवे पट्टे आहेत. मिस्टस व्हिटाटसच ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. मिस्टस व्हिटाटसचं वर्णन जर्मन मत्स्यशास्त्रज्ञ ब्लॉखने १७९४ मध्ये केलं आणि तेव्हापासून दक्षिण आशियातल्या जवळपास प्रत्येक पट्टेदार मिस्टसला हेच नाव चिकटत आलं. प्रत्यक्षात पट्टे असलेल्या जाती बऱ्याच आहेत: टेंगारा, कार्सिओ, ब्लीकेरी वगैरे. पट्टे मोजून उपयोग नाही. घाबरलेल्या माशाचे पट्टे फिके पडतात, मेलेल्या माशाचे आणखी वेगळे दिसतात.

मेदपर बघा. तो पाठीवरच्या पराच्या मुळाला जवळजवळ भिडून सुरू होतो, की मध्ये स्पष्ट मोकळी जागा आहे? ब्लीकेरी आणि कॅव्हेसियस (हाही मिस्टसच) यांचा मेदपर लांब असतो आणि पाठीवरच्या पराला भिडतो. व्हिटाटसचा आखूड असतो आणि मध्ये अंतर राहतं. मग वरच्या जबड्याची मिशी अंगाला समांतर धरली तर कुठवर पोहोचते ते बघा: छातीच्या परापर्यंत, गुदपरापर्यंत की थेट शेपटीपर्यंत? कॅव्हेसियसची मिशी शेपटीपर्यंत जाते आणि त्याच्या अंगावर ठळक पट्टे नसतात. डोक्याच्या कवटीवर मधोमध एक खाच असते, ती मागे कुठवर गेली आहे हीही तज्ज्ञांची लाडकी खूण आहे, पण जिवंत माशात ती धडपणे दिसत नाही.

एवढं करूनही दोन जातींमध्ये अडकलात, तर ‘मिस्टस, पट्टेदार, अमुक नदीतला’ असं लिहून ठेवा. चुकीच्या पक्क्या नावापेक्षा खरं अर्धवट नाव केव्हाही बरं.

५. आत्ता बोटाएवढा आहे. हा छोटाच राहील का?

पिल्लू आणि छोटी जात यांतला फरक ओळखणं हेच खरं कौशल्य आहे. पिल्लाचे डोळे डोक्याच्या मानाने मोठे दिसतात आणि अंग हडकुळं असतं, पण ही खूण ढोबळ आहे. त्यापेक्षा घात करणारे ठरावीक चेहरे लक्षात ठेवा.

तोंडाची फट डोळ्याच्या बरीच मागे गेली असेल तर तो पाबदा नसून शिवडा, म्हणजे वॅलागो. तो मीटरच्या पुढे जातो आणि वाटेत टँकमधलं बाकी सगळं गिळतो. मिस्टससारख्या दिसणाऱ्या माशाच्या मेदपराच्या मागच्या टोकाला काळा ठिपका असेल तर तो शिंगाडा, म्हणजे स्पेराटा. तोही मीटरच्या घरात जातो. चंदेरी, सतत पोहणारा, ‘शार्क’ म्हणून मिळणारा पंगास, आणि चपट्या डोक्याचा, शेपटीला लांब धागे असलेला बॅगेरियस हेही राक्षसच. चोखणाऱ्या माशाच्या पाठीवरचा पर शिडासारखा मोठा आणि त्यात नऊ किंवा जास्त काड्या असतील, तर तो टेरिगोप्लिक्थिस. तो ४० सेंटीमीटरच्या आसपास जातो.

खरोखर छोटे राहणारेही आहेत. एरेथिस्टेस जेर्डोनी हा जहाजाच्या नांगराच्या आकाराचा, तपकिरी पानाच्या तुकड्यासारखा मासा पूर्ण वाढूनही तीन-चार सेंटीमीटरचाच असतो.

६. हाताळताना काटा टोचला. विषारी असतो का?

अनेक कॅटफिशच्या काट्याभोवती विषग्रंथी असतात. शिंगीचा दंश भयंकर दुखतो. समुद्रातल्या पट्टेदार प्लोटोससचा तर गंभीर ठरू शकतो. मिस्टसचा काटा करवतीसारखा दातेरी असतो, त्यामुळे जखम फाटते आणि चिघळते.

जखम धुवा, काट्याचा तुकडा आत राहिला आहे का ते बघा आणि तो भाग सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने तपासा. ठणकणाऱ्या बोटाला चटका समजत नाही. सूज वर चढली, श्वासाला त्रास झाला, तुकडा आत राहिला किंवा धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील, तर डॉक्टरांकडे जा.

७. मासा जाळीत अडकला, सुटत नाही. ओढू का?

ओढू नका. काटा उभा केला की तो मुळाशी कुलूपबंद होतो, आणि ओढल्यावर कातडी फाटते किंवा काटाच मोडतो. जाळी पाण्यातच ठेवा आणि काट्याभोवतीचे धागे छोट्या कात्रीने कापा. जाळी नवी मिळते. पुढच्या वेळी जाळीने फक्त हाकला आणि पकडायला प्लास्टिकचा डबा वापरा. पिशवीतून न्यायचं असेल तर दोन पिशव्या एकात एक घाला, मध्ये कागदाचा थर द्या, आणि एका पिशवीत एकच मासा ठेवा.

पकडल्यावर ‘कुर्र कुर्र’ आवाज आला तर घाबरू नका. छातीच्या काट्याचं मूळ सांध्यात घासून अनेक कॅटफिश असा आवाज काढतात.

८. घरी आणल्यावर पिशवीतलं पाणी हळूहळू मिसळत तासन्‌तास थांबायचं ना?

प्रवास अर्ध्या तासाचा असेल तर तसं चालेल. मासा पिशवीत बराच वेळ बंद असेल तर हीच सावधगिरी अंगाशी येते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) उतरतो आणि माशाने सोडलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून बंद पिशवी टँकच्या पाण्यावर तरंगू देऊन तापमान सारखं करा, उघडल्यावर फार वेळ घालवू नका, आणि फक्त मासा आत सोडा, पिशवीतलं पाणी नाही. दिवे बंद ठेवा.

९. वेगळ्या टँकमध्ये किती दिवस ठेवू? औषध आधीच टाकून ठेवू का?

चार ते सहा आठवडे. पकडून आणलेला मासा बाहेरून ठणठणीत दिसला तरी आतड्यात जंत आणि कल्ल्यांवर परजीवी घेऊन आलेला असू शकतो. या टँकला रुळलेला, म्हणजे उपयोगी जीवाणू आधीच बसलेला फिल्टर, झाकण आणि लपायला एक पाइप पुरे. तळ उघडा ठेवला तर विष्ठा आणि उरलेलं अन्न दिसतं.

सरसकट औषध टाकू नका. उघड्या कातडीच्या माशांना तांबं, फॉर्मालिन आणि मॅलाकाइट ग्रीन पटकन बाधतात. गरज पडलीच तर सहसा निम्म्या मात्रेपासून सुरुवात करतात, हवेचा पंप वाढवून आणि माशावर नजर ठेवून. नीट खाणारा मासा बारीकच राहत असेल, तर जंतांवर प्राझिक्वाण्टेल किंवा लेव्हामिसोल चालतं; कुठलं द्यायचं ते जंतांच्या प्रकारावर ठरतं. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात पाणी तापवण्याचा उपाय सगळ्यांना माहीत असतो. ओढ्यातल्या माशांवर तो करू नका, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि मासा ठिपक्यांआधी गुदमरून मरतो.

१०. आठवडा झाला, काहीच खात नाही.

दाणे हे अन्न आहे हे त्याला ठाऊकच नसतं. शिवाय तुम्ही दिवसा घालता आणि तो रात्री जेवतो. दिवा बंद झाल्यावर तासाभराने ब्लडवर्म (लाल अळ्या), स्वच्छ धुतलेले ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) किंवा बारीक चिरलेलं गांडूळ त्याच्या लपण्याच्या जागेच्या तोंडाशी टाका. कॅटफिशच्या मिशांवर आणि अंगभर चवीच्या कळ्या असतात, त्यामुळे वास पाण्यात पसरला की तो बाहेर येतो. मंद लाल उजेडात पाहिलंत तर आधी मिशा पुढे आलेल्या दिसतील, तळ चाचपत, मग डोकं. हे नीट खायला लागला की त्यातच थोडे बुडणारे दाणे मिसळा आणि प्रमाण वाढवत न्या.

पोट बघत राहा. भरपूर खाणाऱ्या प्रौढ माशाने आठवडाभर तोंड उघडलं नाही तरी चालतं, पण खपाटीला गेलेल्या पोटाच्या छोट्या माशाकडे इतका वेळ नसतो. चोखणाऱ्यांचं वेगळं आहे, त्यांच्यासाठी प्रश्न १४.

११. टँक केवढा हवा आणि तळाशी काय घालू?

उंचीपेक्षा तळाचं क्षेत्रफळ महत्त्वाचं. दहा-बारा सेंटीमीटरच्या मिस्टसच्या टोळीला निदान चार फूट लांबीचा टँक द्या. कोरिडोराससारख्यांना तीन फूट पुरतात. तळाला बारीक, गोलसर कणांची वाळू घाला. लाकूड, सपाट दगड, पाइपाचे तुकडे असू द्या, आणि माशांपेक्षा लपायच्या जागा एकदोनने जास्त ठेवा, म्हणजे भांडणं कमी होतात. झाकण घट्ट हवं. शिंगी आणि मागूर फटीतून निघून जमिनीवर सापडतात.

अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, याला अपवाद नाही. पीएचच्या आकड्यामागे धावण्यापेक्षा दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलणं जास्त उपयोगाचं.

१२. ओढ्यातून आणलेला ग्लिप्टोथोरॅक्स दोन दिवसांत मेला. पाणी तर स्वच्छ होतं.

स्वच्छ होतं, पण वाहत नव्हतं. हे मासे खळाळत्या, ऑक्सिजनने भरलेल्या, थंड पाण्यात वाढतात. साध्या टँकमधल्या संथ, कोमट पाण्यात ते हळूहळू गुदमरतात. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जोराचा प्रवाह देणारा पंप, गोटे आणि २० ते २४ अंशांचं पाणी यांची आधी सोय करा. उन्हाळ्यात पाणी इतकं थंड ठेवता येत नसेल, तर या कुळाच्या वाटेला जाऊ नका. ओढ्यातल्याच अँब्लिसेप्स या कॅटफिशलाही हेच लागू.

१३. मिशा आखूड होत चालल्या आहेत. वाळू बदलू का?

टोकदार खडीने मिशा घासतात हे खरं, पण बहुतेक वेळा खरा दोष तळात साचलेल्या घाणीचा आणि तिथल्या जीवाणूंचा असतो. वाळू सायफनने साफ करा, पाणी बदलण्याचं प्रमाण वाढवा. मिशी मुळापर्यंत झडली नसेल तर बऱ्याचदा परत वाढते.

१४. ओटोसिंक्लस शेवाळ खातो म्हणून आणले, आठवड्यात निम्मे गेले.

दक्षिण अमेरिकेतून येणारे हे मासे बहुतेक पकडलेलेच असतात आणि वाटेत उपाशी राहतात. त्यांचं जेवण म्हणजे काच-पानांवरचा सूक्ष्मजीवांचा मऊ थर. नव्या, चकचकीत टँकमध्ये तो नसतो. निदान काही महिने जुना, झाडांनी भरलेला टँक असेल तरच आणा, आणि घेताना पोट गोल असलेलेच निवडा. उकडलेली झुकिनी किंवा काकडी द्या. सवय लागायला वेळ जातो. मोठ्या शेवाळाचे झुबके ते साफ करत नाहीत. अशी जाहिरात करणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

१५. सारखा वर येऊन हवा घेतो. पाण्यात ऑक्सिजन कमी आहे का?

कोण आहे त्यावर ठरेल. शिंगीला कल्ल्यांच्या पोकळीतून शेपटीकडे जाणाऱ्या हवेच्या दोन नळ्या असतात, मागूरच्या कल्ल्यांपाशी झाडासारखा फांद्याफांद्यांचा अवयव असतो आणि कोरिडोरास हवा गिळून आतड्यातून ऑक्सिजन घेतो. यांचं अधूनमधून वर येणं स्वाभाविक आहे. मिस्टस किंवा ग्लिप्टोथोरॅक्स वरती तोंड काढून राहिला, किंवा एरवी कधीतरी वर येणारा मासा मिनिटामिनिटाला यायला लागला, तर आधी अमोनिया तपासा आणि पाणी बदला.

१६. इतर माशांसोबत ठेवता येईल का? एकटा ठेवला तर?

तोंडात मावेल तो मासा खाल्ला जाईल, एवढा नियम पाठ ठेवा. रात्री झोपलेले निऑन टेट्रा मिस्टसला सोपी शिकार वाटतात. तळाशी निपचित दबा धरून बसणारा चाका तर स्वतःच्या निम्म्या आकाराचा मासाही गिळतो. त्याला वेगळंच ठेवा.

कोरिडोरास, काच-कॅटफिश आणि गागाटा यांना टोळी लागते, सहाच्या खाली नको. मिस्टसच्या एक-दोन माशांत दादागिरी होते, पाच-सहांत ती वाटली जाते.

१७. मासा पोट वर करून पोहतो. मरतोय का?

सिनोडॉन्टिस निग्रिव्हेंट्रिस असेल तर नाही, तो असाच पोहतो. त्याचं पोट पाठीपेक्षा गडद असतं, त्यावरून ओळखा. सिनोडॉन्टिसच्या आणखी काही जाती आणि मिस्टस ल्युकोफॅसिसही उलटे पोहतात. यांतला कुठलाच नसेल तर हो, काहीतरी गंभीर आहे.

१८. एकाच माशाची तीन-तीन नावं दिसतात. खरं कुठलं?

कधी तिन्ही खरी असतात, वेगवेगळ्या काळातली. काच-कॅटफिश दशकानुदशकं दुसऱ्याच जातींच्या नावाने विकला गेला. क्रिप्टोप्टेरस व्हिट्रिओलस हे त्याचं नाव २०१३ मध्ये आलं. कोरिडोरासचं मोठं वंशकुटुंब २०२४ मध्ये फोडलं गेलं आणि अनेक ओळखीच्या जाती हॉप्लिसोमा, ऑस्टिओगॅस्टर, गॅस्ट्रोडर्मस अशा नावांखाली गेल्या. मासे तेच आहेत, सवयीही त्याच. प्लेकोंच्या नावापुढचा ‘एल’ आणि आकडा ही १९८८ मध्ये एका जर्मन मासिकाने सुरू केलेली, अजून नाव नसलेल्या माशांना दिलेली तात्पुरती ओळख. त्यातल्या काहींना नंतर नावं मिळाली, काही अजून आकड्यावरच आहेत. व्यापारातलं टोपणनाव मात्र कशाचाच पुरावा धरू नका.

१९. स्वतः पकडायला परवानगी लागते का?

ठिकाणागणिक नियम वेगळे असतात: संरक्षित जंगल, राखीव धरण, प्रजननाचा हंगाम, संरक्षित जाती. जाळी टाकण्याआधी स्थानिक मत्स्य आणि वन खात्याकडे विचारा. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांपुरताच मर्यादित असलेला पिवळा होराबॅग्रस ब्रॅकिसोमासारख्या माशांच्या बाबतीत, कायदा काहीही म्हणो, पकडलेला मासा घेऊच नये असं माझं मत आहे.

२०. आता सांभाळता येत नाही. जिथून आणला तिथेच सोडला तर चालेल ना?

नाही, तिथेही नाही. तुमच्या टँकमधले इतर मासे वेगवेगळ्या खंडांतून आलेले असतात, आणि त्यांचे रोग तुमच्या माशासोबत नदीत उतरतात. परक्या जातीचं तर विचारूच नका. दक्षिण अमेरिकेतला टेरिगोप्लिक्थिस आशियातल्या पाण्यात पसरला आहे आणि घरट्यासाठी काठ पोखरतो. आफ्रिकेतला मोठा मागूरही असाच पसरला. दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, किंवा मोठ्या टँकची सोय असलेल्या संस्थेला विचारा.

२१. मासा मेला. आता तरी ओळख पटेल का?

उलट, आता नीट पटेल, पण घाई करा. रंग उडण्याआधी प्रश्न ३ प्रमाणे फोटो काढा, पर टाचणीने पसरून. मग पराचा छोटा तुकडा कापून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा, म्हणजे पुढे डीएनए तपासता येईल. बाकीचा मासा पोटाला छोटी चीर देऊन ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत घाला. पेन्सिलने कागदावर ठिकाण आणि तारीख लिहा आणि तो कागद बाटलीच्या आत टाका. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी गळून पडते.